झुरका यंत्राला कसा कळतो?

ह्या व्यासपीठावरून व्यसनांच्या दुष्परिणामांवर आजवर पुष्कळ व्याख्याने झाली, आणि ती देणारी माणसे माझ्याहून अधिकारी होती. तेव्हा तंबाखू वाईट, हे मी पुन्हा सांगत बसणार नाही. माझा विषय अगदी लहान आहे. करंगळीच्या नखाएवढा म्हटले तरी चालेल. अलीकडे पोराटोरांच्या खिशात पेनासारखी किंवा संगणकाला लावायच्या पेन ड्राइव्हसारखी एक वस्तू सापडते. ती विजेची सिगारेट. तिला काडी लागत नाही, आणि पुष्कळ प्रकारांत बटणही नसते. तोंडात धरून ओढली की ती आपोआप चालू होते, ओढणे थांबले की बंद पडते. तिला हे कळते कसे?

मी शास्त्रज्ञ नव्हे. यंत्रमाग कामगारांत संघटनेचे काम करणारा मनुष्य आहे. पण कोणत्याही यंत्रापुढे उभे राहिले की ‘ह्याला हे कळते कसे?’ असे विचारायची खोड मला मागापाशीच लागली. ती का लागली, ते पुढे येईलच.

प्रथम आपली जुनी विडी घ्या. विडीला झुरका कळावा लागत नाही. टोकाशी निखारा असतो. माणसाने ओढले की निखाऱ्यातून हवा जाते, प्राणवायू मिळाला की तो फुलतो, धूर वाढतो. ओढणे हेच तिथे भाता मारणे. तेंदूच्या पानातून हवा फारशी शिरत नाही, म्हणून विडी ओढत राहिले नाही तर विझते, हे ओढणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणजे श्वास आणि आग ह्यांच्यामध्ये तिसरा कोणी नाही.

विजेच्या सिगारेटमध्ये आग नाही. आत एक लहान बॅटरी, एक बारीक तारेचे वेटोळे, त्याभोवती कापसासारखी वात, आणि वातीत मुरलेला द्रव. हा द्रव म्हणजे ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, निकोटीन आणि सुवास. तार तापली की द्रवाची वाफ होते, आणि ती बारीक थेंबांच्या धुक्याच्या रूपाने तोंडात येते. आता ही तार नुसत्या ओढण्याने तापणार नाही. उलट वाऱ्याने निवेल. तिला बॅटरीतून वीज सोडली पाहिजे, आणि ती नेमकी ओढतानाच सोडली पाहिजे. विडीत जो झुरका काम करीत होता, तो इथे नुसता निरोप झाला. निरोप आला म्हणजे तो घेणारा कोणी तरी हवा.

हा निरोप कोणत्या भाषेत येतो? तो हवेच्या दाबाच्या भाषेत येतो. शहाळ्यात नळी घालून आपण पाणी पितो तेव्हा आपण पाणी ‘ओढतो’ असे म्हणतो. खरे पाहता आपण ओढत काहीच नाही. गाल आत घेऊन तोंडातला दाब थोडा कमी करतो, आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. सतराव्या शतकात इटलीतील टॉरिचेल्ली ह्याने ही गोष्ट पाऱ्याच्या नळीने दाखवून दिली. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याच्या खांबाइतका असतो, म्हणून विहिरीवर ठेवलेला पंप दहा मीटरांपेक्षा खोलचे पाणी कितीही जोर केला तरी चोखून घेऊ शकत नाही. शास्त्राच्या मापात हा दाब १,०१,३२५ पास्कल. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ९८ पास्कल, अर्थात वातावरणाचा जवळजवळ हजारावा हिस्सा.

हे माप हाताशी ठेवले की पुढचे सोपे आहे. शहाळ्यातले पाणी नळीतून वीतभर चढते तेव्हा तोंडातला दाब सुमारे दोन हजार पास्कलने कमी झालेला असतो. नेहमीच्या कागदी सिगारेटला प्रयोगशाळेतल्या ठरावीक वेगाने ओढताना सुमारे दहा सेंटिमीटर पाण्याइतका फरक पडतो. विजेच्या सिगारेटमधला पहारेकरी ह्याहूनही कमी फरकावर जागा होतो. दोन-चार सेंटिमीटर, म्हणजे पाणी नळीत बोट-दोन बोटे चढेल एवढी ओढ त्याला पुरते.

आता तो पहारेकरी पाहू. एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मित्राने त्याच्याकडे आलेली एक बंद पडलेली वस्तू माझ्यासमोर उघडली. (आपण हा प्रयोग घरी करू नये. आतल्या लिथियम बॅटरीला टोचा बसला तर ती पेट घेते.) बॅटरीच्या टोकाशी पत्र्याची एक चपटी गोल डबी निघाली, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, मागे तीन तारा. मित्र म्हणाला, “हा माइक आहे.” मला वाटले थट्टा करतो. ती थट्टा नव्हती. टेलिफोनमध्ये आणि मोबाइलमध्ये आवाज टिपण्यासाठी जी डबी पुष्कळ वर्षे वापरली गेली, तिचीच ही सख्खी बहीण. तिची जात १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट ह्या दोघांनी काढली. पुढे अशा डब्या इतक्या स्वस्त आणि इतक्या प्रचंड संख्येने होऊ लागल्या, की नव्या धंद्याला पहारेकरी हवा झाला तेव्हा तो तयारच मिळाला.

डबीच्या आत काय आहे? घरातला पंखा हळू फिरू लागला की वायरमन येऊन ‘कंडेन्सर’ बदलतो. कंडेन्सर म्हणजे समोरासमोर ठेवलेले, एकमेकांना न टेकणारे दोन धातूचे पत्रे. त्यांत विजेचा थोडा साठा राहतो, आणि पत्रे जितके जवळ तितका साठा अधिक. आपल्या डबीतही दोन पत्रे आहेत. एक जाड, छिद्रे पाडलेला, न हलणारा. दुसरा म्हणजे धातूचा मुलामा दिलेला, ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसवलेला अत्यंत पातळ पडदा. दोघांत केसाच्या जाडीइतपतच अंतर. पडद्याच्या एका अंगाला बाहेरची हवा लागते. दुसऱ्या अंगाला एक बारीक वाट आहे, ती तोंडाकडे जाणाऱ्या मार्गाला मिळते.

कोणी ओढले की त्या मार्गातला दाब उतरतो. बाहेरची हवा आत यायला पाहते, पण तिचे दार मुद्दाम अरुंद ठेवलेले असते. म्हणून ओढ चालू असेतोवर दाब कमीच राहतो. पडद्याच्या एका अंगाला दाब जास्त, दुसऱ्या अंगाला कमी, पडदा वाकतो. पत्र्यांतले अंतर बदलते आणि विजेचा साठा बदलतो. डबीच्या पाठीशी असलेली बारीक चिप हा साठा सारखा मोजत असते. फरक ठरावीक रेषेच्या पलीकडे गेला की ती बॅटरीचे दार उघडते, तार तापते, टोकाचा दिवा लागतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सारे होते.

आवाजाचा माइक आणि हा झुरक्याचा माइक ह्यांत एक भेद आहे, आणि तो मला मोठा गमतीचा वाटला. आवाज म्हणजे हवेचे सेकंदाला शेकडो, हजारो वेळा थरथरणे. आवाजाच्या माइकला तेवढेच ऐकायचे असते, सावकाश बदलणारा दाब त्याच्या कामाचा नसतो. झुरक्याच्या डबीचे ह्याच्या उलट आहे. थरथर तिने ऐकूनही न ऐकल्यासारखी करायची. दोन-तीन सेकंद एकाच बाजूला टिकून राहिलेला दाब तेवढा खरा मानायचा. आणि त्याहूनही सावकाश, म्हणजे हवामानामुळे किंवा घाट चढताना जो दाब बदलतो, तोही सोडून द्यायचा. त्यासाठी पुष्कळ चिपा ‘नेहमीची पातळी’ सतत नव्याने ठरवीत राहतात. म्हणजे फार जलद ते खोटे, फार सावकाश ते खोटे, मधले तेवढे खरे.

काही रचनांत डबीऐवजी दुसरी युक्ती असते. एक सूक्ष्म तार किंचित गरम ठेवायची. हवा वाहू लागली की ती निवते, आणि निवणे हाच निरोप. ओले बोट वर धरून वाऱ्याची दिशा पाहतात, त्यातलाच हा प्रकार. नव्या उपकरणांत सिलिकॉनवर कोरलेले, मुगाच्या दाण्याएवढे दाबमापकही येतात. तत्त्व तेच असल्याने मी त्यांत शिरत नाही.

आता मागाकडे येतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथे साधे माग ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक असेल, की धोट्यातला आडवा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबतो. मागाला हे कसे कळते? कडेला एक हलका काटा असतो. धोटा गेला की त्याने टाकलेला धागा काट्याच्या दातांना आडवा येतो आणि काटा कलतो. काटा कलला म्हणजे त्याची मागची आकडी वर उचलली जाते, माग चालू राहतो. धागा नसेल तर काटा कलत नाही, आकडी मागच्या हातोडीत अडकते आणि मागाचा दांडा खाली पडतो. मागाला धागा दिसत नाही, हे लक्षात घ्या. त्याला फक्त काटा कलला की नाही एवढेच समजते. काट्यात कापसाची भुकटी अडकली किंवा तो वाकला, तर धागा शाबूत असून माग थांबतो, नाही तर धागा तुटूनही चालत राहतो. मजुरी मीटरवर असते. फुकट थांबलेल्या मागाचे पैसे कोणी देत नाही. काटा किती हलका ठेवायचा हे जॉबर ठरवतो, आणि त्यावरून खात्यात किती भांडणे होतात ते मला विचारा.

तीच गोष्ट इथे आहे. विजेच्या सिगारेटला श्वास कळत नाही. तिला पडदा वाकला एवढेच कळते. नळीचे हवेचे भोक बोटाने पक्के बंद करून ओढून पाहिले, तर हवा जवळजवळ जातच नाही. तरी दाब उतरतो आणि दिवा लागतो. उलट्या बाजूने फुंकर मारली तरी पडदा त्याच दिशेला वाकू शकतो. पहिल्या पिढीतील उपकरणे मोठा आवाज, धक्का, गाडीचे हादरे ह्यांनीही दचकत असत, आणि त्यावर उपाय म्हणून पुढे पुष्कळ पेटंटे घेतली गेली.

सर्वांत त्रासदायक शत्रू म्हणजे ओल. वाफ निवून थेंब होतात. एखादा थेंब त्या बारीक वाटेत बसला की वाट बंद. मग पडद्यामागे कोंडलेली हवा बाहेरच्या हवेबरोबर बदलत नाही. विमानात प्रवाशांच्या कक्षातला दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. पंचवीस हजार पास्कलचा हा फरक! आणि आपल्या पहारेकऱ्याला दोनशे-चारशे पुरतात. दोन्ही वाटा मोकळ्या असतील तर पडद्याच्या दोन्ही अंगांना दाब सारखाच उतरतो आणि काही बिघडत नाही. एक वाट बुजली असेल तर पडदा वाकून राहतो. सामानाच्या कप्प्यात, कोणी ओढत नसताना, कपड्यांच्या घडीत तार तापू लागणे किती धोक्याचे, हे सांगायला नको. अशा आगींच्या घटनांनंतर २०१५ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आणि अमेरिकी सरकारने ही उपकरणे तपासून पाठवायच्या सामानात ठेवण्यास बंदी केली.

ह्यावर उपाय म्हणून चिपेत एक घड्याळही ठेवतात. आठ-दहा सेकंदांहून अधिक काळ ओढ चालू राहिली तर ती माणसाची नव्हे असे समजून वीज तोडायची. उपाय चांगला आहे. पण घड्याळ एकेका ओढीचे आहे, दिवसाचे नव्हे. ओढ सोडली, पुन्हा धरली की मोजणी शून्यापासून सुरू. विडी संपते, सिगारेट संपते. चटका बसतो आणि हात थांबतो. इथे तसा शेवटच नाही, बॅटरी किंवा द्रव संपेपर्यंत.

हा पहारेकरी नेहमी दुष्टांच्याच पदरी असतो असे मात्र नाही. २०२० आणि २०२१ च्या साथीत आपण सर्वांनी व्हेंटिलेटर हा शब्द ऐकला. रोगी स्वतः थोडाफार श्वास घेऊ शकत असेल, तर व्हेंटिलेटरला त्याच्या श्वासाची सुरुवात ओळखून नेमकी त्याच क्षणी हवा द्यावी लागते. तिथेही दाबाचा पहारेकरी असतो. नळीतला दाब एक-दोन सेंटिमीटर पाण्याइतका उतरला, किंवा हवेचा प्रवाह थोडा बदलला, की यंत्र मदतीला धावते. रेषा फार वर ठेवली तर दुबळा रोगी धडपडून थकतो आणि यंत्राला पत्ता लागत नाही. फार खाली ठेवली तर हृदयाच्या ठोक्यानेही यंत्र फसते आणि न मागितलेला श्वास देते. नळीत साचलेले पाणी हलले तरी ते असे फसते, म्हणून परिचारिका वारंवार नळ्यांतले पाणी काढून टाकतात. थेंबाची खोडी दोन्हीकडे सारखीच! पण तिथे रेषा कोठे ठेवायची हे डॉक्टर रोग्याच्या उशाशी उभा राहून ठरवतो, आणि तो चुकला तर त्याला विचारता येते.

सिगारेटमधली रेषा कोण ठरवतो? ती कारखान्यात ठरते. तिच्यामागचा हेतू समजायला थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट ह्याने १९६३ साली बिनधुराच्या सिगारेटच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि १९६५ साली ते त्याला मिळाले. पण माल बाजारात चालला नाही. पुढे चीनमधील होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास आजच्या उपकरणाचा पूर्वज तयार केला. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते आणि तो स्वतः भरपूर सिगारेटी ओढी. त्याच्या पेटंटात झुरका ओळखण्याची जी एक योजना आहे ती साधी यांत्रिक आहे: लवचिक पडदा, त्याला जोडलेला लोहचुंबक, आणि चुंबक जवळ आला की मिटणारा विजेचा स्विच. २०१३ साली ब्रिटनच्या इंपीरियल टोबॅको ह्या सिगारेट कंपनीने ही पेटंटे साडेसात कोटी डॉलरांना विकत घेतली. ज्या धंद्यापासून सुटका करून द्यायची म्हणून वस्तू निघाली, त्याच धंद्याच्या तिजोरीत तिचा शेवट झाला, ह्याचे मला नवल वाटले नाही.

बटणाची उपकरणे होती आणि आजही आहेत. बटण दाबणे म्हणजे काय? ‘मी आता हे करणार’ असे एकदा मनाशी म्हणणे. पहारेकरी आला आणि तेवढेही म्हणायची गरज उरली नाही. न शिकवता येईल, आवाज होणार नाही, काडी पेटवताना कोणी पाहणार नाही, मुठीत लपेल. अमेरिकेतील उच्च माध्यमिक शाळांत ही उपकरणे ओढणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१७ साली शंभरात सुमारे १२ होते, ते २०१८ साली सुमारे २१ झाले. ह्याला पुष्कळ कारणे आहेत. गोड चवी आहेत, जाहिराती आहेत, निकोटीनचे जास्त प्रमाण आहे. पण जे दार लोटावेही लागत नाही त्यातून मुले आधी शिरतात, एवढे तरी मान्य करावे लागेल. पडद्याला ओढणारा चौदा वर्षांचा की चाळीस वर्षांचा, हे समजत नाही. भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा करून ह्या वस्तूंचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद केली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तरीही माल चोरट्या वाटेने येतो, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट माझ्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही. ज्याला झुरका ओळखता येतो त्याला झुरका मोजताही येतो. चिपेला प्रत्येक ओढीची सुरुवात आणि शेवट ठाऊक असतो. पुढे फक्त ते लिहून ठेवण्याचा प्रश्न उरतो. प्रयोगशाळेत ह्या उपकरणांची परीक्षा करणारे यंत्र ठरावीक मापाने ओढते: ५५ मिलिलिटर, तीन सेकंद, दर अर्ध्या मिनिटाला एकदा. माणूस असा ओढत नाही. कसा ओढतो ते उपकरणच जाणते. फोनला जोडली जाणारी उपकरणे निघाली, त्यांत दिवसाचे झुरके फोनवर दिसतात. कोणी म्हणेल, सवय कमी करायला उपयोग होईल. होईलही. पण कारखान्यात घड्याळ हाती घेऊन कामगाराच्या पाठीशी उभे राहणारे साहेबही, ‘तुमच्या सोयीसाठीच’ मोजतो आहोत, असेच म्हणत असत. मोजदाद कोणाच्या वहीत जाते, हा प्रश्न आम्ही तेव्हाही विचारला होता.

आता वस्तू संपल्यानंतरचे सांगतो आणि थांबतो. एकदा वापरून टाकायच्या प्रकारात द्रव संपला तरी बॅटरीत वीज शिल्लक असते, आणि पहारेकरी झोपत नाही. तो अगदी अल्प वीज खात, कचऱ्याच्या ढिगातही दाब मोजत बसलेला असतो. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा एकदाच वापरायच्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. कचऱ्याच्या गाड्यांत बॅटऱ्या चिरडून लागणाऱ्या आगी हे त्यामागचे एक कारण होते. आपल्याकडे कचरा यंत्रापेक्षा अजून हातांनीच अधिक निवडला जातो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते आहे. तिच्यातल्या बहुसंख्य स्त्रिया आहेत. कोणाच्या घरी अशी वस्तू सापडली तर ती ठेचू नये, उघडू नये, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नये. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, विजेच्या कचऱ्यात वेगळी द्यावी, आणि घेणाऱ्या बाईंना आत बॅटरी आहे असे तोंडाने सांगावे.